जवान की अधिकारी? पॅरा कमांडो होण्याच्या दोन वाटा

बेंगळुरूत लष्कराच्या दोन संस्था एकमेकींपासून काही किलोमीटरवर आहेत. कबन रोडवर सिलेक्शन सेंटर साउथ आहे. भावी अधिकाऱ्यांची पाच दिवसांची सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची (एसएसबी) मुलाखत तिथे होते. जयमहल आणि जे. सी. नगरच्या बाजूला पॅराशूट रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र आहे. भरती झालेल्या पोरांमधून तिथे काही महिन्यांत पॅराट्रूपर घडवायला सुरुवात होते. सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातली मुले या दोन्ही ठिकाणी पोहोचतात, आणि त्यांतल्या कित्येकांना हवे असते ते एकच: डोक्यावर मरून रंगाची बेरे टोपी आणि छातीवर स्पेशल फोर्सेसचा 'बलिदान' बिल्ला.

तुकडी एकच असेल तर दारे दोन कशाला, आणि कोणी कोणत्या दाराने जावे? घरोघरी याचे ठरलेले उत्तर मिळते. आधी एनडीए द्यायची, नाही जमले तर भरती. अधिकारी वर आणि जवान खाली, म्हणून वरचे दार आधी ठोठावायचे, हा त्यामागचा हिशेब. मान, पगार आणि पेन्शन या दृष्टीने तो चुकीचा नाही. ज्याला विशिष्ट तुकडीतले विशिष्ट काम करायचे आहे, त्याला मात्र हा हिशेब अर्धीच माहिती देतो. रोज कोणते काम करावे लागेल, ते किती वर्षे करायला मिळेल, आणि निवड झाली नाही तर माणूस कुठे जाऊन पडेल, या तीन गोष्टी दोन्ही वाटांवर अगदी वेगळ्या आहेत.

पॅरा आणि पॅरा स्पेशल फोर्सेस

आधी एक गफलत दूर करायला हवी. मरून टोपी घालणारा प्रत्येक जवान 'कमांडो' नसतो. पॅराशूट रेजिमेंटमध्ये दोन प्रकारच्या पलटणी आहेत. एअरबोर्न पलटणी म्हणजे विमानातून उडी घेऊन शत्रूच्या मागे उतरणारे पायदळ. स्पेशल फोर्सेसच्या पलटणी लहान गटांनी, खूप आत घुसून, नेमके काम उरकून परतण्यासाठी असतात.

दुसऱ्या प्रकाराची सुरुवात १९६५ च्या युद्धात झाली. मेजर मेघसिंग यांनी स्वेच्छेने आलेल्या जवानांची एक छोटी फौज बांधली, ती मेघदूत फोर्स. तिच्या अनुभवातून १९६६ मध्ये ९ पॅरा कमांडो आणि पुढच्याच वर्षी १० पॅरा कमांडो उभी राहिली. एअरबोर्न कामाचे सर्वांत गाजलेले उदाहरण तर मराठी वाचकाच्या जवळचे आहे. ११ डिसेंबर १९७१ रोजी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली २ पॅरा पलटण पूर्व पाकिस्तानात टांगाईलजवळ उतरली. ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवायची, म्हणून तिने पुंगलीचा पूल ताब्यात घेतला. ही पलटण मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन होती. पुढे ती स्पेशल फोर्सेसमध्ये गेली. २१ पॅरा स्पेशल फोर्सेस हीसुद्धा आधी २१ मराठा लाइट इन्फंट्री होती आणि १९९६ मध्ये तिचे रूपांतर झाले.

भरतीची वाट

जवान होण्यासाठी आज अग्निपथ योजनेतून जावे लागते. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत साडेसतरा ते साधारण २१ या वयात 'अग्निवीर' म्हणून भरती होते. जनरल ड्युटीसाठी दहावी ४५ टक्के गुणांनी उत्तीर्ण असणे पुरते. २०२३ पासून संगणकावरची लेखी परीक्षा आधी होते, मग 'ग्राउंड'. मैदानात १.६ किलोमीटरची धाव साडेपाच मिनिटांच्या आत मारली तर पूर्ण ६० गुण मिळतात, दहा पुल-अप्सना पूर्ण ४०. नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा आणि तोल सांभाळत नागमोडी पट्टीवरून चालायचे, यांत फक्त पास व्हायचे असते. मग वैद्यकीय तपासणी आणि गुणवत्ता यादी.

पॅरात पोहोचायचे दोन रस्ते आहेत. काही जण भरतीतूनच पॅराशूट रेजिमेंटला मिळतात आणि बेंगळुरूच्या केंद्रात घडतात. काही जण आधी दुसऱ्या रेजिमेंटमध्ये जातात आणि तिथून स्वेच्छेने पॅरासाठी नाव देतात. मराठी मुलांचा जुना रस्ता हा दुसराच. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात प्रशिक्षण, पलटणीत काही काळ, मग पॅरासाठी अर्ज. हा रस्ता लांबचा असला तरी त्यात एक सोय आहे. पलटणीतला जवान प्रोबेशनला, म्हणजे पॅराच्या कसोटीच्या काळाला, निघतो तेव्हा त्याला शिस्त, शस्त्र आणि थंडी-पावसातले जगणे अंगवळणी पडलेले असते.

जवानाच्या वाटेचे सर्वांत मोठे बळ म्हणजे तिचा थेटपणा. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी मुलगा मूळ कामाच्या अगदी जवळ पोहोचतो. तिची सर्वांत मोठी अडचण आज घड्याळाची आहे. अग्निवीराची सेवा चार वर्षांची असते, आणि प्राथमिक प्रशिक्षण, प्रोबेशन, उडीचे प्रशिक्षण, सुट्ट्या हे सगळे त्याच चार वर्षांत बसवावे लागते. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना नियमित सेवेत घेतात. ते पुढे किमान १५ वर्षे राहतात. बाकीचे सेवा निधी घेऊन बाहेर पडतात. ही रक्कम व्याजासह ११ लाखांच्या पुढे जाते, पण पेन्शन नसते. स्पेशल फोर्सेसचा जवान खऱ्या अर्थाने तयार व्हायला काही वर्षे लागतात, म्हणून या वाटेने जाणाऱ्याने चार वर्षांचा हा आकडा भावनेच्या भरात बाजूला सारू नये.

एसएसबी काय तपासते

अधिकारी होण्याची मुख्य वाट मराठी घरांना परिचित आहे. बारावीनंतर यूपीएससीची एनडीए परीक्षा, मग खडकवासल्यात तीन वर्षे आणि डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत एक वर्ष. पदवीनंतर सीडीएस परीक्षा देऊन डेहराडूनला दीड वर्ष, किंवा चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत ४९ आठवडे. या वाटेसाठी राज्यात तयारीच्या जागाही जुन्या आहेत. देशातले पहिले सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाले. छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट १९७७ पासून दहावी झालेल्या मुलांना एनडीएसाठी तयार करते आहे.

लेखी परीक्षा ही फक्त चाळणी. खरा प्रश्न एसएसबीचा, आणि ती समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण धावण्यात अव्वल असलेली मुले इथून पहिल्याच दिवशी 'स्क्रीन-आउट' होऊन परततात.

पहिल्या दिवशी बुद्धिमापन चाचणी होते. मग एक धूसर चित्र दाखवतात, त्यावर प्रत्येकाने गोष्ट लिहायची आणि गटाने मिळून एक समान गोष्ट ठरवायची. यातून जे उरतात त्यांची दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय चाचणी. बारा चित्रांवरून बारा गोष्टी लिहायच्या, त्यांतले शेवटचे चित्र कोरे. साठ शब्द पडद्यावर येतात, प्रत्येकाला १५ सेकंद, तेवढ्यात मनात आलेले वाक्य लिहायचे. साठ प्रसंग अर्ध्या तासात सोडवायचे. वेळ मुद्दाम अपुरा ठेवलेला असतो. क्लासमध्ये पाठ केलेली 'चांगली' उत्तरे आठवायला सवड मिळाली नाही की माणसाची मूळ सवय कागदावर उतरते.

पुढचे दोन दिवस मैदानावरचे. गटाने फळ्या, दोऱ्या आणि ओंडके वापरून अडथळे पार करायचे. वजन वाहून नेण्यापेक्षा इथे वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष असते. गट अडकला की कोण सुचवतो, सुचवलेले चुकले की कोण मान्य करतो, मागे राहिलेल्याला कोण हात देतो. याच दिवसांत वैयक्तिक मुलाखतही होते. मानसशास्त्रज्ञ, गट-चाचणी अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघे एकमेकांशी न बोलता स्वतंत्र मत बनवतात. माणूस मनात काय आणतो, तोंडाने काय बोलतो आणि हाताने काय करतो, हे तीन बाजूंनी पाहायचे आणि पाचव्या दिवशीच्या कॉन्फरन्समध्ये जुळवायचे. कसोटी अधिकाऱ्याला लागणाऱ्या पंधरा गुणांची आहे, आणि एनडीएचा साडेसतरा वर्षांचा मुलगा असो की पदवीधर, गुण तेच.

शरीराआधी स्वभाव पाहण्यामागे साधे कारण आहे. जवानाची चूक बहुधा त्याला आणि त्याच्या शेजारच्याला भोवते, अधिकाऱ्याची चूक त्याच्या हाताखालच्या सगळ्यांना. ताकद अकादमीत वाढवता येते. दबावाखाली इतरांचा विचार करण्याची सवय विसाव्या वर्षी नव्याने लावणे फार अवघड असते.

अकादमीच्या शेवटच्या टप्प्यात कॅडेट कोणत्या शाखेत जायचे त्याची पसंती देतो. पॅराशूट रेजिमेंटच्या जागा मोजक्या आणि मागणारे पुष्कळ. गुणवत्ता, पसंती आणि उपलब्ध जागा यांचा मेळ बसला तरच ती मिळते. म्हणजे चार वर्षे खपल्यावरही पॅराची खात्री नसते. ज्याला ती मिळत नाही तो अधिकारी होतोच, फक्त तोफखान्यात, सिग्नल्समध्ये किंवा दुसऱ्या पायदळ रेजिमेंटमध्ये. काही वर्षांनी स्वेच्छेने पॅराच्या प्रोबेशनला जाण्याची संधी तिथूनही मिळू शकते.

प्रोबेशन

दोन्ही वाटा एकत्र येतात त्या जागेचे नाव प्रोबेशन. अधिकारी असो की शिपाई, पलटणीच्या देखरेखीखाली काही महिने स्वतःला सिद्ध करावे लागते. स्पेशल फोर्सेसचे प्रोबेशन साध्या पॅरापेक्षा लांब आणि कितीतरी कठोर असते. पाठीवर वजन घेऊन लांब पल्ल्याच्या दौडी, झोपेविना सलग दिवस, भुकेल्या पोटी नकाशावाचन, आणि थकून गेल्यावर अचानक विचारलेले प्रश्न. खांद्यावरच्या ताऱ्यांची इथे सवलत नसते. उलट लेफ्टनंटवर ओझे जास्त. तो कोसळला तर ज्यांचे नेतृत्व पुढे करायचे तेच पाहत असतात, आणि वीस वर्षे नोकरी झालेल्या सुभेदाराचे त्याच्याबद्दलचे मत पलटणीत वजनदार ठरते.

प्रोबेशन कोणीही, कोणत्याही क्षणी सोडू शकतो. ही मोकळीक हाच चाचणीचा गाभा आहे. जबरदस्तीने टिकवलेला माणूस शत्रूच्या मुलखात उपयोगाचा नाही.

यातून पार पडल्यावर आग्र्याच्या प्रशिक्षण शाळेत पाच उड्या, त्यांतली एक रात्रीची, आणि मग छातीवर पंख. पुढे स्पेशल फोर्सेसच्या माणसाचे शिक्षण थांबतच नाही. हिमाचलातल्या नाहानला स्पेशल फोर्सेसची शाळा, मिझोरममध्ये वैरंगटेला जंगलयुद्ध, गुलमर्गला बर्फातले युद्ध, कोचीला पाण्याखालचे काम.

तुकडीत कोण काय करतो

स्पेशल फोर्सेसचा गट लहान असतो, म्हणून प्रत्येकाकडे एक खास विद्या लागते. कोणी स्फोटके हाताळतो, कोणी संदेशयंत्रणा, कोणी जखमींवर उपचार, कोणी दिशा आणि नकाशा, कोणी शस्त्रे. या विद्यांचे खरे धनी जवान आणि हवालदार असतात. अधिकाऱ्याला त्या सगळ्यांची चांगली ओळख लागते, पण त्याची स्वतःची विद्या वेगळी. माहिती जुळवणे, बेत आखणे, वरिष्ठांकडून साधने मिळवणे, आणि गोळीबार सुरू असताना पुढे जायचे की थांबायचे ते ठरवणे.

कीर्तनातही असेच असते. मृदंगमणी आयुष्यभर एकाच वाद्यावर हात बसवतो, आणि कीर्तनकाराला मृदंग, टाळ, वीणा यांचा मेळ राखत पूर्वरंगाकडून उत्तररंगाकडे जायचे असते. दोघांपैकी कोणाचे काम 'वरचे' हे विचारण्यात अर्थ नाही. स्वतःचा हात कशावर बसला आहे एवढेच विचारता येते.

वर्षांच्या हिशेबात फरक आणखी ठळक होतो. कायम सेवेतला जवान पंधरा-वीस वर्षे एकाच पलटणीत राहू शकतो. लान्स नायक, नायक, हवालदार, मग नायब सुभेदार, सुभेदार अशा पायऱ्या चढत तो तिथेच मुरतो. अधिकाऱ्याला मात्र व्यवस्था हलवत राहते. साधारण दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. प्रत्यक्ष गट घेऊन जंगलात जाण्याची वर्षे मुख्यतः कॅप्टन आणि मेजर असतानाची. मधूनच मुख्यालयातल्या नेमणुका, अभ्यासक्रम, प्रशिक्षक म्हणून बदली. तिशी ओलांडता ओलांडता नकाशा आणि टेबल वाढत जाते. ज्याचे मन केवळ त्या जंगलातल्या रात्रीसाठी झुरते आहे, त्याने हे आधीच समजून घेतले पाहिजे. अनेक तरुणांना हे कमिशन मिळाल्यावर कळते, आणि तेव्हा वाट बदलता येत नाही.

वर्षांचा हा हिशेब दोघांच्या उदाहरणातून दिसतो. २०१५ साली काश्मीरच्या कुपवाडा जिल्ह्यात अडीच महिन्यांच्या अंतराने दोन माणसे धारातीर्थी पडली. लान्स नायक मोहननाथ गोस्वामी २००२ मध्ये भरती होऊन ९ पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये आले होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला हफरुडाच्या जंगलात जखमी साथीदारांना वाचवताना त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. १७ नोव्हेंबरला साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक शहीद झाले. सातारा सैनिक स्कूलचे विद्यार्थी, १९९८ मध्ये कमिशन घेऊन २१ पॅरा स्पेशल फोर्सेसचे अधिकारी झालेले. त्या वेळी मात्र ते आपल्या पॅरा पलटणीत नव्हते. ४१ राष्ट्रीय रायफल्सचे ते कमांडिंग ऑफिसर होते. तेरा वर्षांनंतरही गोस्वामी आपल्या पलटणीच्या शोधमोहिमेत होते. महाडिकांना सतरा वर्षांनी दुसऱ्या दलाच्या शेकडो माणसांची जबाबदारी मिळाली होती, आणि ती पेलत ते स्वतः पुढे गेले होते.

चौकट: आकड्यांत दोन वाटा

*भरती (अग्निवीर जीडी)* : वय साडेसतरा ते साधारण २१. शिक्षण दहावी. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवा निधीत कापले जातात. चार वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंत जणांना कायम सेवा.

*एनडीए* : वय साडेसोळा ते साडेएकोणीस, अविवाहित. शिक्षण बारावी. प्रशिक्षण चार वर्षे.

*सीडीएस, डेहराडून* : वय १९ ते २४, अविवाहित पदवीधर. प्रशिक्षण १८ महिने. कमिशननंतर मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून, भत्ते वेगळे.

*चेन्नईची शॉर्ट सर्व्हिस* : सेवा दहा वर्षे, पुढे चार वर्षे वाढवता येते.

निवड हुकली तर

प्रोबेशनमध्ये बाद झालेला अधिकारी अधिकारीच राहतो. त्याला दुसरी शाखा मिळते किंवा तो मूळ शाखेत परततो, आणि कारकीर्द चालू राहते. बाद झालेला जवानही जवान राहतो, दुसऱ्या पलटणीत जातो, पण अग्निवीर असेल तर त्याचे घड्याळ थांबत नाही. याउलट एसएसबीत नापास झालेल्याच्या हाती काहीच लागत नाही. भरतीतल्या मुलाला निदान चार वर्षांचा पगार आणि प्रशिक्षण मिळते. म्हणून अधिकाऱ्याच्या वाटेवर सारा धोका सुरुवातीला असतो, अग्निवीराच्या वाटेवर तो चौथ्या वर्षाच्या शेवटी येऊन उभा राहतो. घरची परिस्थिती ताणाची असेल तर हा फरक टोपीच्या रंगाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याचा विचार करणाऱ्या मुलाला कोणी कच्चा म्हणू नये.

इतर दले

नॅशनल सिक्युरिटी गार्डमध्ये, म्हणजे एनएसजीत, तरुणाला थेट भरती होताच येत नाही. तिच्या स्पेशल ॲक्शन ग्रुपमध्ये लष्करातले अधिकारी आणि जवान ठरावीक मुदतीसाठी पाठवले जातात. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याच्या वेळी त्यांचे काम साऱ्या देशाने पाहिले. ताज हॉटेलात वीरमरण आलेले मेजर संदीप उन्नीकृष्णन बेंगळुरूत वाढलेले. एनडीएतून ते बिहार रेजिमेंटच्या सातव्या बटालियनमध्ये गेले आणि तिथून एनएसजीत आले. नरिमन हाउसमध्ये वीरमरण आलेले हवालदार गजेंदरसिंग जवान म्हणून भरती झालेले, १० पॅरा स्पेशल फोर्सेसचे. दोघेही ५१ स्पेशल ॲक्शन ग्रुपमध्ये होते आणि दोघांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

नौदलाचे मार्कोस १९८७ पासून आहेत. तिथे नौदलात आधीपासून असलेले अधिकारी आणि नौसैनिक स्वेच्छेने जातात. मुंबई परिसरातले आयएनएस अभिमन्यू हा त्यांचा जुना तळ. हवाई दलाच्या गरुड दलात मात्र एअरमनची थेट निवड होत आली आहे.

मुलींसाठी चित्र सध्या वेगळे आहे. एनडीएची दारे २०२२ मध्ये उघडली आणि मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली, पण लष्कराच्या पायदळ आणि पॅरा पलटणींत लढाऊ जागा अजून खुल्या झालेल्या नाहीत. जवान म्हणून त्यांच्यासाठी खुले असलेले दार मिलिटरी पोलिसांचे, आणि तेही बेंगळुरूतच आहे. तिथल्या केंद्रातून ८३ महिला जवानांची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये बाहेर पडली.

मधली वाट

जवान होऊन पुढे अधिकारी होण्याची सोयही आहे, आणि ती तयारी करणाऱ्या मुलांना फार उशिरा कळते. आर्मी कॅडेट कॉलेज ही त्यासाठीची मुख्य संस्था. १९६० मध्ये ती पुण्यात या नावाने सुरू झाली आणि १९७७ मध्ये डेहराडूनला गेली. बारावी झालेल्या, किमान दोन वर्षे सेवा केलेल्या, २० ते २७ वयाच्या जवानाला लेखी परीक्षा देऊन एसएसबीला बसता येते. निवड झाली तर कॉलेजात तीन वर्षे, अकादमीत एक वर्ष, आणि मग कमिशन. जास्त वयाच्या जवानांसाठी स्पेशल कमिशन्ड ऑफिसरची वेगळी योजना आहे. पलटणीत जगलेला माणूस अधिकारी झाला की त्याला जवानाची भाषा आणि अडचण वेगळी शिकवावी लागत नाही. लष्करात अशा अधिकाऱ्यांना चांगला मान असतो.

वयाच्या खिडक्या एकमेकींवर चढलेल्या असल्याने निवड एकदाच करायची नसते. सोळाव्या-सतराव्या वर्षी एनडीएची तयारी सुरू केलेल्या मुलाला साडेएकोणिसापर्यंत अनेकदा परीक्षा देता येते, आणि त्याच काळात भरतीचे वयही चालू असते. भरती झाल्यावर बारावीचे आणि पदवीचे शिक्षण सुटले नाही, तर वयाच्या २४ व्या वर्षापर्यंत सीडीएसची आणि कायम सेवेत गेल्यावर २७ व्या वर्षापर्यंत कॅडेट कॉलेजची संधी राहते.